कोरियन बायको, कोरियन नवरा आणि पीआरचे कागद

या वेळच्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसली, जोडीदार कोरियन आणि प्रश्न पीआरचा, म्हणजे परदेशात कायम राहायच्या परवानगीचा. कोणी टोरँटोतून लिहिलंय, कोणी साताऱ्याहून, कोणी सोलहून, म्हणून या महिन्याचं सदर त्यांनाच दिलंय. फॉर्मचे नंबर आणि फी बदलत राहतात पण नियमांचा गाभा सहसा तोच राहतो, तेव्हा जास्त जागा त्यालाच देते. पत्रातून माणूस ओळखू येईल असे तपशील काढून टाकलेत.

प्रश्न: ताई, मी मूळ नाशिकचा, टोरँटोत असतो, गेल्या वर्षी सिटीझन झालो. बायको कोरियन आहे, देगूची. वर्किंग हॉलिडे परमिटवर ती इकडे आली तेव्हा ओळख झाली, इथेच सिटी हॉलला लग्न केलं, एकत्र राहतो. तिचं परमिट चार महिन्यांनी संपतंय. तिचं आधी एक लग्न झालं होतं, घटस्फोट झालाय, आठ वर्षांची मुलगी आहे जी तिकडे वडिलांकडे असते आणि तिचा इकडे यायचा काही विषयच नाही. माझ्या घरी लग्न माहितीये, मुलीचं माहिती नाही. मित्र म्हणतो जी येणारच नाही तिचं नाव फॉर्मवर कशाला, उगाच प्रश्न वाढतील. खरं काय करावं? आणि अर्ज इनलँड, म्हणजे कॅनडात राहून, करावा की आउटलँड, म्हणजे बाहेरून, तिला काम करता येईल का, तिच्या घरचे लग्नाला आले नव्हते त्याने अडेल का?

उत्तर: आधी मुलीचं बोलू, कारण बाकीच्या चुका पुढेमागे दुरुस्त करता येतात, ही येत नाही.

तिचं नाव लिहायचं. ती येणार असो नसो, ताबा आईकडे असो की वडिलांकडे, बावीस वर्षांखालचं लग्न न झालेलं मूल असेल तर ते अर्जात दाखवावंच लागतं आणि त्याची मेडिकल तपासणीही करावी लागते. कॅनडाच्या इमिग्रेशनच्या नियमांमध्ये ११७(९)(डी) नावाचं कलम आहे, त्याचा साधा अर्थ असा की आई किंवा वडील पीआर होताना जे मूल दाखवलं नाही, तपासलं गेलं नाही, त्या मुलाला नंतर फॅमिली क्लासमधून, म्हणजे जवळच्या नातलगांच्या वर्गातून, स्पॉन्सर करता येत नाही. आज ती आठ वर्षांची आहे म्हणून तुम्हाला वाटतंय विषय नाही, पण उद्या तिच्या वडिलांना काही झालं, किंवा पंधराव्या वर्षी तीच म्हणाली की मला आईकडे राहायचंय, तर त्या दिवशी तुमची बायको कॅनडाची पीआर असेल, कदाचित सिटीझनही असेल आणि स्वतःच्या पोटच्या लेकीला आणू शकणार नाही. तुमच्या मित्राला ही गोष्ट माहिती नसावी, नाहीतर असा सल्ला त्याने दिला नसता. २०१९ मध्ये सरकारने अशा अडकलेल्या काही कुटुंबांसाठी सवलतीचं धोरण आणलं खरं, पण ते मुदतीचं आणि सगळ्यांना लागू होत नाही, त्याच्या भरवशावर आज नाव गाळू नका. शिवाय माहिती दडवली असं ठरलं तर कलम ४० खाली पाच वर्षं अर्जच करता येत नाही, आणि पीआर मिळाल्यावर सापडलं तर पीआरवरच येऊ शकतं.

आणि लपणार तरी कसं? कोरियात २००८ पासून कुटुंबप्रमुखाच्या नावाने असलेली जुनी नोंदवही बंद झाली, आता प्रत्येक माणसाची स्वतंत्र नोंद असते आणि त्यातून वेगवेगळे दाखले निघतात. तुम्हाला त्यातले तीन लागतील, किबोन म्हणजे जन्म वगैरेचा मूळ दाखला, काजोक ग्वांग्ये म्हणजे आईवडील, नवरा, मुलं यांचा, आणि होनिन ग्वांग्ये म्हणजे लग्नांचा. प्रत्येकाची एक साधी प्रत असते आणि एक सविस्तर, तिला ते सांगसे म्हणतात. कॅनडाला सांगसे लागते. साध्या प्रतीत फक्त आत्ताचं लग्न दिसतं, सांगसेत आधीचं लग्न, घटस्फोट, सगळं तारखेसकट दिसतं. बऱ्याच जणांच्या घरात नोकरीबिकरीसाठी काढलेली साधी प्रत पडलेली असते, तीच जोडली जाते, मग इमिग्रेशन खातं परत मागतं आणि महिना दोन महिने असेच जातात. दाखले तिकडच्या सुप्रीम कोर्टाच्या फॅमिली रजिस्टरच्या साइटवरून काढता येतात, नाहीतर टोरँटोतल्या कोरियन कॉन्सुलेटमधून. तुमचं इथलं लग्न कोरियात कळवलंय का तेही बघा, परदेशात लग्न झालं की तीन महिन्यांत तिकडे नोंद करायची असते, नाहीतर तिकडच्या कागदावर ती अजून घटस्फोटितच दिसणार आणि तुमच्या अर्जात विवाहित, मग ते पुन्हा समजावत बसा.

इंग्रजी भाषांतर बाहेरच्या माणसाकडून करून घ्या, सर्टिफाइड नसेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. बायकोचं इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी तिने किंवा घरातल्या कोणी केलेलं भाषांतर चालत नाही.

मुलीची मेडिकल हा खरा नाजूक भाग आहे कारण ती वडिलांच्या हातात आहे. खात्याने नेमलेल्या पॅनल डॉक्टरकडेच तपासणी होते, सूचना आल्यावर जायचं असतं. तर तुमच्या बायकोने आधीच्या नवऱ्याशी आत्ताच बोलून ठेवावं, की मुलीला नेणार नाहीये, ताबा तुझ्याकडेच राहणार आहे, पण ही तपासणी झाली तर तिचा पुढचा मार्ग उघडा राहील. बहुतेक बाप लेकीच्या नावावर हे ऐकतात. नाहीच म्हणाला तर काय काय प्रयत्न केले, कधी मेसेज केला, काय उत्तर आलं ते सगळं जपून ठेवा आणि अधिकाऱ्याला पत्रात स्पष्ट लिहा. ते प्रकरण बघून निर्णय घेतात, पण तपासणी न होता फाइल पुढे गेली तर त्या मुलीला नंतर आणणं अवघड होऊ शकतं हे दोघांनी डोळे उघडे ठेवून समजून घ्या. पुढे कधी ती आलीच तर वडिलांच्या संमतीचा वेगळा फॉर्म लागतो, ते तेव्हाचं तेव्हा.

आता तुमच्या घरचं. हा अर्ज तुमच्या आईवडिलांना कोणी दाखवत नाही, नाशिकला पत्र जात नाही. नात्याच्या माहितीचा जो लांबलचक फॉर्म आहे, ५५३२, त्यात विचारतात की तुमच्या घरच्यांना कोणाला माहितीये, लग्नाला कोण आलं. तिथे आहे तसं लिहा, लग्न माहितीये, आधीच्या लग्नाचं आणि मुलीचं अजून सांगितलेलं नाही, का सांगितलं नाही ते दोन ओळींत. अधिकाऱ्याने असली शेकडो घरं वाचलेली असतात. घरी सांगायचं कधी ते तुम्ही ठरवायचं, पण माझं मनापासूनचं मत विचाराल तर सांगून टाका, कारण त्या मुलीला आपल्या आईच्या घरी आपलं नाव काढायला बंदी आहे असं मोठं होताना कळू नये.

इनलँड की आउटलँड. नावावरून वाटतं तसं नाहीये, इथे राहत असतानाही आउटलँड म्हणजे फॅमिली क्लासमध्ये अर्ज करता येतो. मोठा फरक अपीलचा, आउटलँड नाकारलं गेलं तर तुम्हाला इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे जाता येतं, इनलँडला ते अपील नाही. दुसरं म्हणजे इनलँडमध्ये दोघांनी इथे एकत्र राहणं हीच अट आहे, मधे ती कोरियाला गेली आणि परत येताना काही अडलं तर अर्जच धोक्यात येतो. तिची आठ वर्षांची मुलगी तिकडे आहे म्हणजे ती जाणार, जायलाच पाहिजे, म्हणून मी तुमच्या जागी आउटलँड निवडेन. ओपन वर्क परमिट, म्हणजे कुठल्याही एका कंपनीला न बांधलेली कामाची परवानगी, पूर्वी इनलँडवाल्यांचंच मानलं जायचं, पण २०२३ पासून इथे स्पॉन्सरसोबत राहणाऱ्या फॅमिली क्लासवाल्यांनाही मिळू लागलंय, त्यामुळे ते कारण आता उरलं नाही.

चार महिने मात्र पटकन जातात. नुसता पीआरचा अर्ज टाकला म्हणजे इथे राहायचा हक्क मिळत नाही, याच ठिकाणी लोक फसतात. अर्ज लवकर टाका, पोच म्हणजे एओआर हातात आली की लगेच, सध्याचं परमिट संपायच्या आत ओपन वर्क परमिटला अर्ज करा, तसं केलं तर निर्णय येईपर्यंत ती राहू शकते आणि कामही चालू ठेवू शकते. एओआर वेळेत आलीच नाही तर परमिट संपायच्या आधी व्हिजिटर म्हणून मुदतवाढ मागा, मग राहता येईल पण परमिटच्या तारखेनंतर काम थांबवावं लागेल. तारीख उलटून जाऊ देऊ नका एवढंच.

तिच्या घरचे आले नाहीत यावरून कोणी अर्ज नाकारत नाही. बघतात ते हे, की नातं खरं आहे का आणि ते मुख्यतः पीआरसाठीच जोडलंय का, या दोन्हींपैकी एक जरी शंका पक्की झाली तरी नकार येतो. तुमचं भाड्याचं अॅग्रीमेंट दोघांच्या नावावर करा, बँकेचं जॉइंट खातं, एकाच पत्त्यावर येणारी बिलं, विम्यात नॉमिनी, हे जास्त बोलतं. काकाओटॉक या कोरियन मेसेजिंग अॅपवरचं चॅट पोतं भरून देऊ नका, चेकलिस्टमध्ये संवादाच्या पुराव्याला दहा पानांची आणि फोटोंना वीसची मर्यादा आहे, त्यामुळे सुरुवातीचं, मधलं, आत्ताचं असं थोडं थोडं निवडा, आणि तिच्या आईशी तुमचा व्हिडिओ कॉल होत असेल तर त्याचा एक स्क्रीनशॉट शंभर हार्टच्या इमोजींपेक्षा कामाचा.

पोलिस दाखला, तिने १८ नंतर गेल्या दहा वर्षांत कॅनडा सोडून जिथे जिथे सलग सहा महिने काढले त्या प्रत्येक देशाचा लागतो. कोरियाचा काढताना जुन्या, मुदत संपलेल्या शिक्षाही दाखवणारा प्रकार मागावा, कॅनडाच्या साइटवर कोरियासाठी वेगळ्या सूचना आहेत त्या शब्दशः पाळा. फी एप्रिल २०२४ च्या दरवाढीनंतर सगळी मिळून १,२०५ डॉलर होती आणि बायोमेट्रिकचे ८५ वेगळे, पण हा दर दोन वर्षांनी वाढवतात म्हणून भरायच्या दिवशीचा आकडा बघून भरा. पगाराची किमान अट जोडीदारासाठी नाही, पण तुम्ही सही करताय त्या हमीपत्राने ती पीआर झाल्यापासून तीन वर्षं तिच्या खर्चाची जबाबदारी तुमची, मधे नातं तुटलं तरी सुटका नाही. हे दोघांनी एकत्र बसून वाचा. कोणी पैसे घेऊन फाइल करून देतो म्हणाला तर तो वकील असेल तर प्रांताच्या लॉ सोसायटीच्या आणि लायसन्सवाला कन्सल्टंट असेल तर कॉलेज ऑफ इमिग्रेशनच्या यादीत नाव बघूनच पुढे जा, ओळखीतला आहे म्हणून नको.

प्रश्न: माझा मुलगा कॅलगरीला असतो, कॅनडाचा नागरिक आहे. मुलगी कोरियन, बुसानची, ख्रिश्चन आहे, स्वभावाने फार गोड. डिसेंबरमध्ये तीन आठवडे येतायत, साताऱ्याला कार्यालय बुक केलंय, गुरुजी ठरलेत, सप्तपदी वगैरे सगळं होईल. नंतर नगरपालिकेतून विवाह नोंदणीचा दाखला काढू म्हणजे मुलाला तिकडे फाइल करता येईल. बरोबर ना?

उत्तर: काकू, लग्न थाटात करा, पण फाइलसाठी हे पुरणार नाही आणि हे डिसेंबरच्या आधी कळलं ते बरं झालं.

हिंदू विवाह कायदा, १९५५ चा, तो दोघंही हिंदू असतील तरच लागू होतो. मुलगी ख्रिश्चन आहे, म्हणजे सप्तपदी झाली, मंगळसूत्र घातलं, अख्खा सातारा जेवला तरी त्या कायद्याने ते लग्न धरलं जात नाही, आणि जे लग्न कायद्यात बसत नाही ते नोंदणीने बसतं असं नाही. कॅनडाचा नियम असा आहे की बाहेर झालेलं लग्न जिथे झालं तिथल्या कायद्याने आणि कॅनडाच्याही कायद्याने वैध पाहिजे. अधिकाऱ्याने तुमचा दाखला बघून विचारलं की हा कुठल्या कायद्याखाली, तर अडचण होईल.

वेगळ्या धर्मांच्या दोघांसाठी आपल्याकडे १९५४ चा स्पेशल मॅरेज अॅक्ट आहे, ज्याला लोक सरळ रजिस्टर लग्न म्हणतात. पण त्यात नोटीस द्यायच्या आधी दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं, मग नोटीस लागल्यावर पुन्हा ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. तीन आठवड्यांच्या सुट्टीत हे बसतच नाही. कोणी सुचवेल की मुलीला आदल्या दिवशी धर्म बदलायला लावा म्हणजे काम सोपं, तर तसं करू नका, कागदासाठी तिच्या घरच्यांचं मन कशाला दुखवायचं.

सोपा मार्ग असा, मुलाने कॅलगरीतच आधी कायदेशीर लग्न करून घ्यावं. कोरियन लोकांना कॅनडाला व्हिसा लागत नाही, ईटीए नावाची ऑनलाइन प्रवास परवानगी काढून येता येतं आणि साधारण सहा महिने राहता येतं. तिथलं लग्नाचं लायसन्स काढून, दोन साक्षीदार, अर्ध्या तासाचं काम. मग डिसेंबरमध्ये साताऱ्यात जे होईल तो घरचा सोहळा, त्याला कायद्याची कसलीच अडचण नाही. अर्जात लग्नाची तारीख कॅलगरीची लिहायची आणि साताऱ्याचा समारंभ समारंभ म्हणूनच लिहायचा, लपवायचा नाही, उलट तिचे आईवडील तुमच्या व्याह्यांच्या खुर्चीत बसलेत, मुलीला हळद लागतेय, असे फोटो नातं खरं असल्याचा उत्तम पुरावा असतात. लग्नपत्रिका पण जपून ठेवा आणि तिचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. आणि तुम्ही जे लिहिलंय की आधी कोर्टात लग्न झालं तर इथल्या मुहूर्ताला अर्थ राहत नाही असं आमचे मोठे दीर म्हणतात, तर त्यांना सांगा की मुहूर्त देवाब्राह्मणांसाठी आहे आणि तो जसाच्या तसा आहे, दुसरा कागद कॅनडा सरकारसाठी आहे.

प्रश्न: मी पुण्याचा, व्हँकुव्हरला असतो, सिटीझन आहे. माझा पार्टनर कोरियन आहे, आम्ही दोन वर्षं एकत्र राहतोय. ना माझ्या घरी माहितीये ना त्याच्या. अर्ज होईल का?

उत्तर: नक्की होईल. कॅनडात २००५ पासून देशभर समलिंगी लग्न कायदेशीर आहे आणि तुमच्या प्रांतात त्याच्याही आधीपासून, त्यामुळे लग्न करून जोडीदार म्हणून अर्ज करा. लग्न नको असेल तर सलग बारा महिने एकत्र राहिलात एवढ्यावर कॉमन लॉ पार्टनर म्हणूनही करता येतो, दोन वर्षांचं भाड्याचं अॅग्रीमेंट आणि बिलं असतील तर तेच मुख्य.

त्याच्या कोरियन दाखल्यावर तो अविवाहितच दिसणार कारण कोरियात अशा लग्नाची नोंद होत नाही. तिथल्या सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये आरोग्य विम्यापुरता एका समलिंगी जोडप्याचा हक्क मान्य केला, पण लग्नाची मान्यता नाही, आणि आपल्या सुप्रीम कोर्टानेही ऑक्टोबर २०२३ मध्ये ती दिली नाही. हे अधिकाऱ्यांना माहिती असतं, तुम्ही पत्रात एक ओळ लिहून ठेवा. घरच्यांना का माहिती नाही तेही सरळ लिहा आणि त्याऐवजी तुम्हाला जोडपं म्हणून ओळखणाऱ्या मित्रांची, शेजाऱ्यांची, ऑफिसातल्या कोणाची पत्रं जोडा. अर्जातली माहिती खातं घरच्यांना कळवत नाही. सुखाने संसार करा.

प्रश्न: मी एडिसन, न्यू जर्सीत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, ग्रीन कार्डसाठीचा नोकरीचा अर्ज, आय-१४०, अप्रूव्ह आहे, ईबी-२ या गटात प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, २०१७ ची. भारताची लाइन बघता ग्रीन कार्ड कधी येईल देव जाणे. माझी होणारी बायको कोरियन, बुसानला जन्मलेली, न्यूयॉर्कमध्ये एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकतेय. मी तिला स्पॉन्सर करू शकतो का? की मला मिळेपर्यंत तिनेही थांबायचं?

उत्तर: तुमचं पत्र वाचून मी पहिल्यांदा तारीख पुन्हा बघितली, कारण तुम्हाला हे अजून कोणी सांगितलं नाही याचं आश्चर्य वाटलं. तुम्ही तिला स्पॉन्सर करण्यापेक्षा तिच्या जन्मस्थानाने तुमचंच काम होण्यासारखं आहे.

अमेरिकेत नोकरीच्या ग्रीन कार्डांत एका देशाला साधारण सात टक्क्यांपेक्षा जास्त वाटा मिळत नाही, म्हणून भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांच्या पुढे गेलीये. देश ठरतो तो जन्मावरून, पासपोर्टवरून नाही. पण कायद्यातच एक सोय आहे, नवरा-बायकोने एकत्र अर्ज केला तर दोघांपैकी ज्याच्या जन्माच्या देशाची रांग पुढे आहे तो देश दोघांनाही धरता येतो, त्याला क्रॉस चार्जेबिलिटी म्हणतात. व्हिसा बुलेटिन म्हणजे दर महिन्याला निघणारं या रांगेचं सरकारी पत्रक, त्यात कोरियाला वेगळा रकाना नाही, तो बाकी सगळ्या देशांच्या रकान्यात येतो. त्या रकान्यात २०१७ ची तारीख कधीच मागे पडलीये. म्हणजे लग्न झालं की तुम्ही दोघं मिळून आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज, भरू शकता.

काही गोष्टी सांभाळा. तिने तुमच्यासोबत अर्ज करणं हीच अट आहे, तुम्ही आधी घ्यायचं आणि ती मागाहून येईल असं इथे चालत नाही. तिचा जन्म खरंच बुसानचा आहे हे किबोनच्या सविस्तर दाखल्यावर दिसेल, तो भाषांतरासह जोडा आणि अर्जासोबतच्या पत्रात पहिल्याच परिच्छेदात क्रॉस चार्जेबिलिटी मागतोय असं ठळक लिहा, नाहीतर फाइल भारताच्या गठ्ठ्यात जाते. मुलांच्या जन्मस्थानाचा आईवडिलांना असा उपयोग होत नाही, हे पण बरेच जण विचारतात म्हणून सांगितलं. एफ-१ वर असताना ग्रीन कार्डचा अर्ज केला की त्या व्हिसावर बाहेर जाऊन परत येणं अवघड होतं, त्यामुळे अॅडव्हान्स परोल, म्हणजे परत येण्याची आगाऊ परवानगी, हातात येईपर्यंत तिने कोरियाचं तिकीट काढू नये. तिला त्याआधी एच-४, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा, घ्यायचा असेल तर तुमचा आय-१४० मंजूर आहे म्हणून एच-४ वर कामाची परवानगीही मागता येते. ऑफिसच्या वकिलाला हे सगळं लिहून विचारा, ते कंपनीची बाजू बघतात, हा मुद्दा आपणहून काढतीलच असं नाही.

आणि लग्नाची तारीख घाईने अलीकडे ओढू नका. ठरलंय तेव्हाच करा, रांग कुठे जात नाही.

प्रश्न: मी कॅनडाची पीआर आहे, एक्सप्रेस एंट्री या गुणांवरच्या योजनेतून तीन वर्षांपूर्वी मिळाली, तिथे दहा महिने राहून सोलला पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाला, आले. इथे ओळख होऊन लग्न झालं, नवरा कोरियन आहे. मी इथूनच त्याला स्पॉन्सर करते आणि पीआर आली की दोघं जाऊ, असा विचार आहे.

उत्तर: इथूनच करता येणार नाही. परदेशात राहून जोडीदाराला स्पॉन्सर करायची मुभा फक्त सिटीझनला आहे, तीही परत येऊन राहणार असं दाखवल्यावर. पीआर असलेल्याने अर्जापासून शेवटपर्यंत कॅनडात राहायचं असतं.

त्याहून तातडीचं म्हणजे तुमची स्वतःची पीआर. पाच वर्षांत ७३० दिवस तिथे राहायची अट आहे. तुमचे साधारण ३०० झालेत, ४३० हवेत आणि हातात दोन वर्षं, म्हणजे उशिरात उशिरा दहा महिन्यांत तुम्ही तिथे पोचलेल्या पाहिजेत आणि मग मधे फारसं बाहेर जायचं नाही. नवरा कॅनडाचा सिटीझन असता तर त्याच्यासोबतचे बाहेरचे दिवस धरले गेले असते, कोरियन नवऱ्यासोबतचे धरत नाहीत. तेव्हा पोस्टडॉकचं पुढचं वर्ष वाढवायचं की नाही हे याच हिशोबाने ठरवा.

करायचं असं, तुम्ही जा, घर घ्या, तो ईटीएवर तुमच्यासोबत किंवा मागून येऊ दे. विमानतळावर विचारलं तर खरं सांगायचं, की बायको इथली पीआर आहे, स्पॉन्सरशिपचा अर्ज करणार आहोत, मुदत संपली तर परत जाईन. एकाच वेळी पाहुणा म्हणून येणं आणि पुढे कायमचं राहायची इच्छा असणं हे कॅनडाच्या कायद्याला चालतं, कलम २२(२) मध्येच लिहिलंय. खोटं सांगितलेलं मात्र चालत नाही. मग तिथून अर्ज करा.

नवऱ्याचे कागद सोलमध्येच जमवून ठेवा, तिथून ते अर्ध्या दिवसात होतात. सांगसे दाखले, पोलिस दाखला, आणि कोरियन पुरुषांच्या बाबतीत हमखास राहणारा एक कागद म्हणजे लष्करी सेवेचा दाखला, ब्योंगजोक जुंगम्योंगसो. तिथे जवळजवळ प्रत्येक मुलगा सैन्यात दीड वर्ष काढून येतो, आणि कॅनडाच्या शेड्यूल ए फॉर्ममध्ये लष्करी सेवेचा वेगळा रकाना आहे, युनिट, ठिकाण, हुद्दा, तारखा. त्याच्या डोक्यात तो कॉलेजच्या मधला गॅप असतो म्हणून लोक तो शिक्षणाच्या वर्षांत मिसळून टाकतात आणि तारखा जुळत नाहीत. दाखल्यावरच्या तारखा आधी भरा, मग त्याच्या आजूबाजूला कॉलेज, नोकरी, मधले रिकामे महिने बसवा, एकही महिना कोरा ठेवायचा नाही. पोलिस दाखला सगळ्यात शेवटी काढा कारण तो जिथे राहतोय त्या देशाचा असेल तर अर्जाच्या दिवशी सहा महिन्यांच्या आतला लागतो.